अंश बातमीत, छेद बेपत्ता

बोईसर-तारापूर पट्ट्यात एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की पुढे काय होणार, हे इथल्या कुणालाही पाठ आहे. पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमते, मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, पुढारी भेट देऊन जातात आणि शेवटी चौकाचौकात सीसीटीव्ही बसवण्याची घोषणा होते. लोकांचा राग खोटा नसतो. पण या सगळ्यात एक साधा हिशेब कुणी मागत नाही. अशा घटना किती, आणि कितींपैकी?

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक नेमका इथे अडून बसतो. त्याला, किंवा तिला म्हणू, कारण या विषयात राबणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, तर तिला अपूर्णांक हवा असतो. घडलेल्या घटना हा अंश. ज्यांच्या बाबतीत त्या घडू शकल्या असत्या अशा सगळ्या बायका हा छेद. अंश वाढलेला दिसला तरी छेद त्याहून झपाट्याने वाढला असेल तर धोका कमी झालेला असू शकतो. उलट एखाद्या गावात अंश शून्य असेल, तर तिथे मोजणारंच कुणी पोचलं नसेल अशी शंका घ्यावी लागते. पालघर जिल्ह्यात अंश अर्धामुर्धा मिळतो आणि छेदाचा तर पत्ताच नाही. या जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, असा आढावा घ्यायला बसलं की बराचसा वेळ आपल्याला काय ठाऊक होऊच शकत नाही हे समजून घेण्यात जातो.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा. तालुके आठ, पण एकमेकांशी काही ताळमेळ नसलेले. वसई म्हणजे जवळजवळ मुंबईच. जव्हार-मोखाडा म्हणजे डोंगरातले वारली, कोकणा, कातकरी पाडे. मधे पश्चिम रेल्वेच्या रुळांना धरून पालघर आणि बोईसर, पलीकडे १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, रसायनं-औषधं-पोलाद-कापडाची एमआयडीसी, आणि किनाऱ्याला सातपाटी, नवापूर, दांडी ही मासेमारीची गावं. पहाटेच्या गाडीने मासळीची पाटी घेऊन निघणारी सातपाटीची बाई, औषध कंपनीत पॅकिंगला ठेकेदारामार्फत लागलेली मुलगी आणि दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाणारी मोखाड्याची कातकरी बाई, या तिघींना ‘सुरक्षित’ असण्यासाठी तीन वेगळ्या गोष्टी लागतात. शासनाच्या कागदावर मात्र तिघी एकाच रकान्यात येतात.

मारहाण, छेडछाड, बलात्कार हे पोलिसांचे विषय. त्यात आरोग्यवाले कुठून आले? या प्रश्नाचं उत्तर मुंबईतच चाळीस वर्षांपूर्वी मिळालं होतं. देवनारच्या लोकसंख्याशास्त्र संस्थेतल्या मालिनी कारकल यांनी १९८५ मध्ये मृत्यूच्या नोंदी वयानुसार लावून पाहिल्या. बृहन्मुंबईत पंधरा ते चोवीस वयाच्या स्त्रियांच्या मृत्यूंपैकी साधारण चारातला एक ‘अपघाती भाजल्यामुळे’ होता. त्याच स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या म्हाताऱ्या बायका स्टोव्हच्या भडक्यातून एवढ्या सहीसलामत कशा सुटत होत्या, हे विचारायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती, आकडे नीट मांडण्याची होती. पुढे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने २००१ सालचे देशभरातले भाजून झालेले मृत्यू एक लाख त्रेसष्ट हजारांच्या घरात काढले. पोलिसांच्या नोंदीच्या हा आकडा सहापट होता, आणि मेलेल्यांत सुमारे पासष्ट टक्के स्त्रिया होत्या. पोलीस गुन्हा मोजतात आणि आरोग्याचा अभ्यासक देह मोजतो. गुन्हा मागे घेता येतो, मिटवता येतो, नोंदवायचा राहूनही जातो. देहाचं तसं होत नाही, निदान स्मशानाच्या दाखल्यापर्यंत तरी.

विचारलं तर बायका सांगतात, हे दाखवून देणारा धडाही महाराष्ट्रातलाच. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. ब्याण्णव टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. तो अभ्यास हिंसेचा नव्हता. पण ‘तक्रार नाही म्हणजे दुखणं नाही’ हा सरकारी समज त्याने मोडीत काढला, आणि हिंसेच्या अभ्यासाला तोच पाया मिळाला.

त्यानंतरचं मोठं पाऊल दवाखान्यात पडलं. मुंबईची ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. विष घेतलेली, पुन्हा पुन्हा गर्भपात होणारी, ‘पडून लागलं’ म्हणत तिसऱ्यांदा हात मोडून आलेली बाई ओपीडीत दिसली, तर तिला बाजूला घेऊन नीट विचारायचं आणि पुढची वाट दाखवायची, असं काम. डॉ. सीमा मलिक यांच्यासारख्या पालिकेतल्याच डॉक्टरांनी ते उचलून धरलं म्हणून टिकलं, नाहीतर संस्थेचा प्रकल्प संपला की खोलीला कुलूप, हे आपल्याकडे नेहमीचंच. बलात्कारानंतरच्या वैद्यकीय तपासणीची दुरवस्था सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी २०१० मध्ये कागदपत्रांसह मांडली, प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, २०१४ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ‘दोन बोटांची चाचणी’ अवैज्ञानिक ठरली. ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगावं लागलं. आठ वर्षांनी तेच सांगावं लागतं यातच सगळं आलं.

आता पालघरकडे वळू. स्त्रियांवरच्या हिंसेचा आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतो. पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३. पालघरचा किती? तो नाहीच. हिंसेचे प्रश्न असलेला भाग फक्त सुमारे पंधरा टक्के घरांत विचारला जातो, त्यामुळे त्यातून राज्याचा अंदाज निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. जिल्ह्याच्या पत्रकात लसीकरण, रक्तक्षय, शौचालय, स्वयंपाकाचं इंधन, शेकडाभर गोष्टी मिळतात. मार खाणाऱ्या बायका तिथे मिळत नाहीत. त्यात चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर बेतलेली होती, म्हणजे त्या यादीत पालघर हा वेगळा जिल्हाच नव्हता. आधीच्याशी तुलना करायलाही काही हाताशी नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते. पाचव्या फेरीवर ‘२०१९-२१’ असं छापलेलं असतं, पण महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्येच उरकलं होतं. टाळेबंदीत घरात कोंडलेल्या बायकांचं काय झालं, ते या आकड्यात नाही. तरीही टाळेबंदीवरच्या लेखांत हा आकडा सर्रास दिला जातो.

सर्वेक्षणात प्रश्न कसा विचारतात, हे बघण्यासारखं आहे. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार, कारण पुष्कळ बायकांच्या लेखी थप्पड हा अत्याचार नाही, संसाराचा भाग आहे. म्हणून एकेक कृती विचारली जाते. नवऱ्याने कधी ढकललं का, काही फेकून मारलं का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का, भाजण्याचा प्रयत्न केला का. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत चोवीस हजारांहून जास्त स्त्रियांशी बोलून २००५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच पद्धतीचा. आयुष्यात कधीतरी जोडीदाराचा मार किंवा जबरदस्ती सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण त्यात जागेजागेनुसार १५ पासून ७१ टक्क्यांपर्यंत होतं. एवढा फरक पडत असेल, तर हिंसा काही पुरुषजातीच्या रक्तात नाही आणि ती बदलता येते, हा त्या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग.

पण ही पद्धत बोईसरच्या चाळीत आणून बघा. पत्र्याची एक खोली, एक दार, दाराला पडदा. सर्वेक्षणवाली आली की शेजारची पाहायला येणार, सासू उंबऱ्यात बसणार, नवरा रात्रपाळी करून आलेला असला तर तिथेच झोपलेला. नियम असा की बाई एकटी असेल तरच हे प्रश्न विचारायचे, नाहीतर तो भाग सोडून द्यायचा. एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचं, म्हणजे सासू-सुनेत ‘तू काय सांगितलंस’ ही चौकशी नको. मधेच कुणी आलं तर तोंडावर काही न दाखवता बोलणं मुलांच्या लशींकडे वळवायचं. वस्तीत अभ्यासाचं नाव ‘महिलांचं आरोग्य’ एवढंच सांगायचं. हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या नैतिक सूचनांत लिहिलेलं आहे आणि ते बरोबरच आहे, कारण उत्तर दिल्याबद्दल रात्री मार खाल्लेली बाई हा कुठल्याही शोधनिबंधाचा स्वीकारार्ह खर्च नव्हे. पण याचा दुसरा अर्थ असाही होतो, की ज्या घरात बाईला क्षणभर एकटं सोडत नाहीत, नेमकं तेच घर मोजणीतून गळण्याची शक्यता जास्त.

चाळींचं आणखी एक दुखणं आहे. सर्वेक्षणासाठी घरं निवडतात ती २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून. त्यानंतर एमआयडीसीच्या आजूबाजूला खोल्यांवर खोल्या चढल्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं आली, ठेकेदार बदलला की खोली बदलणारी. इथे आलेल्या नव्या सुनेला माहेर हजार-दीड हजार किलोमीटरवर, मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि मराठी येत नाही. धोका तिला सगळ्यात जास्त असण्याची शक्यता, आणि कुठल्याही यादीत तिचं नाव असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

सर्वेक्षण सोडून पोलिसांचे आकडे घ्यावेत, तर तिथे वेगळाच घोळ. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं आणि जिल्ह्याचा सगळ्यात दाट लोकवस्तीचा भाग पालघर ग्रामीण पोलिसांकडून गेला. त्यामुळे २०१९ आणि २०२१ चे ‘पालघर’चे आकडे शेजारी ठेवून ‘गुन्हे घटले’ म्हणणाऱ्याने आधी नकाशा बघावा. गाडीत किंवा फलाटावर घडलेलं लोहमार्ग पोलिसांकडे जातं, त्याची वही निराळी. १६ एप्रिल २०१३ ला लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली आणि बोईसर-पालघरच्या कितीतरी मुली कामाला, शिकायला विरार-मुंबईकडे जाऊ लागल्या. त्यांच्या दिवसातले दोन-चार तास ज्या डब्यात जातात, तो डबा जिल्ह्याच्या गुन्हेगारीच्या तक्त्यात नाही.

शिवाय नोंद झाली म्हणजे संरक्षण मिळालं, असंही नाही. वसईच्या एका तरुणीने जोडीदार मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो असा लेखी अर्ज नोव्हेंबर २०२० मध्ये पोलिसांना दिला होता. मग तो मागे घेतला गेला. २०२२ मध्ये तिचा दिल्लीत खून झाला तेव्हा तो अर्ज सगळ्या वाहिन्यांवर झळकला. अर्ज मागे घेणं हा अर्ज निकाली काढण्याचा शेरा नसून धोका वाढल्याची खूण असू शकते, हे दवाखान्यातल्या समुपदेशक केव्हापासून सांगतात. आणि पोलिसांकडे जायला मुली का बिचकतात असं विचारणाऱ्यांनी याच पालघरचा नोव्हेंबर २०१२ आठवावा. फेसबुकवरच्या एका साध्या मताबद्दल दोन तरुणींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाच्या आधारे ते झालं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. अटक करणारे आणि आधार देणारे एकाच खाकीत असतील, तर मुलीने दार कुठलं ठोठावायचं?

तक्रारीचं दार बंद वाटलं तरी दुखापत दवाखान्यात जातेच, म्हणून अभ्यासक रुग्णालयाच्या नोंदवह्यांकडे आशेने बघते. देशभरच्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाची तरी मदत मागितलेल्या स्त्रिया चौदाच टक्के निघाल्या. सत्त्याहत्तर टक्के कुणाशी बोलल्याही नव्हत्या. डॉक्टरांशी तरी गाठ पडते. पण पालघरच्या सीमेवरचे रुग्ण सोयीने सिल्वासाला आणि वलसाडला जातात. तलासरी-डहाणूची भाजलेली बाई तिकडच्या वॉर्डात भरती झाली, की तिची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, तिकडच्या वहीत आणि मेली तर नोंदही बहुधा तिकडचीच. झिरो नंबरने, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला, गुन्हा इकडे येईलही. आरोग्याचा आकडा काही आपणहून सीमा ओलांडून येत नाही. जिल्हे आणि राज्यं माणसांनी आखली, आणि अंश त्या फटीतून गळून जातो.

पाड्यांवरचा पेच याहून अवघड आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आदिवासी भागात मुलगा-मुलगी एकमेकांच्या पसंतीने एकत्र राहू लागतात, लग्नाचा विधी पैसे जमल्यावर होतो. सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक. कळवलं की मुलाला अटक, आणि पुढची मुलगी दवाखान्यात येतच नाही. घरीच बाळंत होते, नाहीतर वय वाढवून सांगते. न कळवलं तर एखादी खरोखर छळलेली पोर त्याच शांततेत दबून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपातापुरती वाट काढली: मुलीने आणि तिच्या पालकांनी मागणी केली तर डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. बाळंतपणाचा प्रश्न आहे तिथेच आहे. यात सगळ्यात कात्रीत सापडते ती आशाताई. पाड्यातली प्रत्येक गरोदर तिला ठाऊक असते, आणि तिचं स्वतःचं घरही त्याच पाड्यात असतं. मुलीच्या संरक्षणासाठी केलेला कायदा मुलीला दवाखान्यापासून लांब नेत असेल, तर तो कायदा कुठल्या टोकाला दुरुस्त करायचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझ्या मते संमतीचं वय आणि कळवण्याची सक्ती हे दोन प्रश्न वेगळे काढल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही.

आणि हा प्रदेश स्त्रियांच्या देहावरच्या मालकीचा इतिहास विसरू शकत नाही. इथला सावकार लग्नासाठी कर्ज द्यायचा आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगड्याची पद्धत. मालकाने गड्याच्या बायकोवर हात टाकणं हा त्या व्यवहारातला न लिहिलेला करार होता. १९४५ मध्ये वारल्यांनी हे जोखड झुगारलं त्याची हकिगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना मी ते पुस्तक आधी वाचायला सांगेन, सर्वेक्षणाची प्रश्नावली नंतर. वीटभट्टीवर आजही जोडप्याला मिळून उचल मिळते. बाई कामगार म्हणून वेगळी मोजली जात नाही, मजुरी जोडीची असते. मुकादमाविरुद्ध तोंड उघडायचं तर उचल कोण फेडणार, हा प्रश्न १९४५ च्या आधीचाच.

एमआयडीसीत परिस्थिती आधुनिक आहे, म्हणजे कागद जास्त आहेत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण घेऊन देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं. हवा, पाणी, जमीन यांचा त्रास दोन दशांश स्थळांपर्यंत मोजता येतो. त्याच गेटांतून आत जाणाऱ्या स्त्रियांना सुपरवायझरकडून, ठेकेदाराकडून होणाऱ्या त्रासाचा पूर्णांकही आपल्यापाशी नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान जागांसाठी आणि असंघटित कामांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. ठेकेदाराची मुलगी यांतल्या कुठल्या समितीकडे जाणार? कंपनी म्हणते ती आमच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराचं कार्यालय म्हणजे त्याची मोटरसायकल. कायद्याने कंत्राटी कामगारही कंपनीच्या समितीकडे जाऊ शकते, पण हे तिला सांगणार कोण? तक्रार लेखी हवी, तीन महिन्यांत हवी. समित्या कागदावरच असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात नाराजी व्यक्त केली आणि पुढे प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. स्थानिक समितीचा वार्षिक अहवाल हा खरं तर तयार अंश आहे. तो लोकांसमोर ठेवला, तर संशोधकांची निम्मी पायपीट वाचेल.

त्यात आता छेदच बदलतो आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात ठेवायला मनाई केली होती. राज्यागणिक ती सैल होत गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीला परवानगी आहे. बंदी उठणं चांगलंच. रात्र पुरुषांच्या नावावर कुणी करून दिलेली नाही. फक्त ठेकेदाराच्या हाताखालच्या मुलीची ‘संमती’ कशी घेतली जाते, आणि पाळी सुटल्यावर बोईसरच्या चित्रालय भागापर्यंत किंवा नवापूर रस्त्याने आतल्या चाळीपर्यंत ती कशी पोचते, याची पाहणी हे बदल व्हायच्या आधी करून ठेवायला हवी होती. ‘आधी’चा आकडा नसला की ‘नंतर’चा निरुपयोगी ठरतो.

रस्त्यांची पाहणी करण्याचं तंत्र काही नवं नाही. कॅनडातल्या टोरोंटोत १९८९ मध्ये बायकांनीच रात्री फिरून अंधार, आडोसे, रिकामे कोपरे नोंदवायची पद्धत बसवली. दिल्लीतून निघालेलं ‘सेफ्टीपिन’ ॲप २०१३ पासून तेच मोबाईलवर करतं. दिवा आहे का, फूटपाथ आहे का, दूरवर दिसतं का, आजूबाजूला बायका दिसतात का, असे त्याचे निकष. बोईसर स्टेशन ते एमआयडीसी या पट्ट्यात पाळी सुटण्याच्या वेळेला असं काम कॉलेजच्या मुली आठवड्याभरात करू शकतील. पण नुसता दिव्यांचा नकाशा बघून खूश होण्यात अर्थ नाही. ज्या मुलीला घरच्यांनी ‘जमाना खराब आहे’ म्हणून बारावीनंतर बसवलं, ती त्या रस्त्यावर येतच नाही. तिच्या बाबतीत घटना शून्य, आणि किंमत मात्र पुरेपूर चुकवलेली. दिल्लीतल्या कॉलेजांवरच्या गिरिजा बोरकर यांच्या अभ्यासात मुली जरा सुरक्षित रस्त्यासाठी कमी प्रतीचं कॉलेज पत्करताना दिसल्या. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’मध्ये मुंबईविषयी हेच उलट्या बाजूने मांडलं: सुरक्षिततेच्या नावाखाली बायकांना घरात ठेवणं सोपं आहे, मागायचा तो धोका पत्करून बाहेर असण्याचा हक्क. सीसीटीव्हीवाल्यांच्या हे पचनी पडत नाही. मलाही पूर्वी ते शहरी लाड वाटायचे. रात्रपाळी सुटल्यावर टपरीवर निवांत चहा पिणारे पुरुष आणि तिथून मान खाली घालून झपाट्याने जाणाऱ्या मुली पाहिल्या की ते वाटेनासं होतं.

मग काही केल्याने उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा पुरावा लांबचा नाही. जिल्हा विभागण्याआधीच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, मुंबईची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या अनिता राज यांच्या गटाने ‘चार्म’ नावाचा प्रयोग केला. पन्नास समूह, १०८१ तरुण जोडपी. अर्ध्या समूहांत गावातल्याच डॉक्टर-वैद्यांनी नवऱ्यांना गाठून कुटुंबनियोजनाबद्दल बोलायचं, आणि त्या ओघात बायकोशी वागणं, तिचं मत, जबरदस्ती या गोष्टी काढायच्या. दोन-तीन बैठका, शेवटची जोडीने. दीड वर्षाने विचारलं तेव्हा या समूहांतल्या बायकांनी नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगण्याचं प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे निम्मं होतं. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. ‘हिंसा करू नका’ असा फलक लावला असता तर एकही पुरुष फिरकला नसता. पाळणा लांबवायच्या निमित्ताने, ओळखीच्या डॉक्टरने बोललं म्हणून ऐकलं. पुरुषांशी बोलण्याची ही वाट हरीश सदानींच्या ‘मावा’ने मुंबईत १९९३ पासून चोखाळली आहे, ‘चार्म’ने तिला आकड्याचा आधार दिला. यात उणीव आहेच. सांगितलेलं कमी झालं की झालेलं कमी झालं, हा प्रश्न बायकांच्या सांगण्यावर चालणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला चिकटलेला असतो. पण यापेक्षा चांगला पुरावा सीसीटीव्हीच्या बाजूने मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा इथे काय हवं हे फार गूढ नाही. बोईसर, पालघर, डहाणू, कासा, जव्हार इथल्या सरकारी रुग्णालयांत ‘दिलासा’सारखी खोली आणि विचारायला शिकवलेली सिस्टर. सरसकट प्रत्येकीला विचारत सुटू नये, खुणा दिसल्या तर विचारावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही २०१३ पासून सांगते. सिल्वासा-वलसाडच्या रुग्णालयांशी नोंदींची देवाणघेवाण. ‘टाटा’ समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत सुरू केलेले आणि आता राज्यभर पसरलेले स्त्रियांसाठीचे विशेष कक्ष, सखी केंद्र, १८१ ची हेल्पलाइन आणि दवाखाना यांचे आकडे दर तिमाहीला एका टेबलावर. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

राहिला छेद. पुढच्या जनगणनेत माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. तोपर्यंत पंधरा-सोळा वर्षं जुनी यादी झटकली जाईल आणि बोईसरच्या चाळी कागदावर येतील, ही मोठी गोष्ट. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगडमध्ये फेब्रुवारी म्हणजे ऐन स्थलांतराचा काळ. दिवाळीनंतर पाड्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर असतात. त्यांची गिनती पाड्यात होणार, की भट्टीवर झापात, की दोन्हीकडे ‘ती तिकडची’ म्हणून राहून जाणार, हे प्रगणक भट्टीपर्यंत पाठवले जातात की नाही यावर ठरेल. जिल्हा प्रशासनाकडे भट्ट्यांच्या परवान्यांची यादी असते. ती यादी प्रगणकांच्या हातात आत्ताच देता येईल.